कौल आणि रापण

देवळाच्या गाभाऱ्यात मूर्तीला ओल्या हाताने चिकटवलेल्या पाकळ्यांपैकी उजवीकडची आधी गळते की डावीकडची, यावरून बांधाच्या तंट्यापासून उत्सवातील मानापर्यंतचे कज्जे निकालात काढण्याची वहिवाट, म्हणजे देवाचा कौल, गोव्याच्या पेडणे महालात फार जुनी. आणि १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावे की केंद्रशासित राहावे हे ठरविण्यासाठी जे मतदान झाले, त्यालाही लोकांनी नाव दिले ते ‘जनमत कौल’ असेच. शब्द एक, परंतु प्रकृती भिन्न. देवाच्या कौलात हरलेला भाऊ भावापुढे हरत नाही, देवापुढे नमतो. पाकळी ओलावा सुकल्याने गळते हे न कळण्याइतका गावकरी भाबडा नसतो, पण गाऱ्हाणे घालून ताटकळत उभे राहण्यात रागाला निवायला जो अवसर मिळतो, तो कोणत्या कचेरीत मिळणार? जनमताच्या कौलात मात्र आकडे उघडे पडले: विलीनीकरणाच्या विरुद्ध १,७२,१९१ आणि बाजूने १,३८,१७०. पेडण्याचा ओढा महाराष्ट्राकडे होता, म्हणजे महालाचा मोठा भाग पराभूत झाला. विलीनीकरणाची निशाणी असलेल्या फुलावर शिक्का मारणारा आणि विरोधाची निशाणी असलेल्या दोन पानांवर मारणारा यांना मात्र पुढेही त्याच वाड्यात नांदायचे होते.

पेडण्यातल्याच हरमलच्या किनाऱ्यावर नांदण्याची रीत रापणीने, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याने, घालून दिली होती. होडी समुद्रात अर्धवर्तुळ काढीत जाळे सोडीत जाते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात, आणि एकमेकांपासून दूर उभ्या असलेल्या दोन रांगा ओढता ओढता हळूहळू जवळ सरकतात. एका रांगेने घाई केली किंवा दुसरीने आळस केला, तर जाळे वाकडे येऊन मासळी निसटते. शेजाऱ्याशी अबोला असला तरी त्याच्या हाताची गती ओळखावी लागते. मासळी वाळूवर पडल्यावर जाळ्याचा, होडीचा आणि ओढणाऱ्यांचा वाटा ठरलेल्या रिवाजाने निघतो. कोणाचे मत कोणते होते याचा हिशेब त्यात नसतो.

परंपरा तंटा मिटवतेच असे नव्हे. पहिला मान कोणाचा यावरून उत्सव बंद पडून प्रकरण मामलेदाराच्या दफ्तरात गेल्याचीही उदाहरणे गोव्यात आहेत. रापणीवर संकट आले ते मात्र बाहेरून. यांत्रिक ट्रॉलरांनी किनाऱ्यालगतची मासळी ओरबाडली, तेव्हा सत्तरच्या दशकात रापणकार आंदोलनात उतरले आणि १९८० साली गोव्यात सागरी मासेमारी नियमनाचा कायदा झाला. त्यानंतर पर्यटन वाढले. आता दोर आहेत, पण दोन्ही टोकांना पुरतील इतके हात जमवणे कठीण झाले आहे.