विश्लेषण : मोठी गोळी लागली की हल्लेखोर लगेच कोसळतो? ‘स्टॉपिंग पॉवर’मागचे वास्तव काय?

११ एप्रिल १९८६, मायामी. बँका लुटणाऱ्या दोघांना एफबीआयच्या आठ एजंटांनी रस्त्यात घेरले. सुरुवातीलाच एजंट जेरी डव्ह यांची ९ मिमी गोळी लुटारू मायकेल प्लॅटच्या दंडातून छातीत शिरली. फुप्फुस फोडून ती हृदयाच्या इंचभर अलीकडे थांबली. जखम प्राणघातक होती, पण प्लॅट रायफल चालवतच राहिला. डव्ह यांच्यासह दोन एजंट ठार, तर पाच जखमी झाले.

ठपका आला ९ मिमी गोळीवर. तेव्हापासून ‘स्टॉपिंग पॉवर’ म्हणजे हल्लेखोराला जागीच थांबवण्याची क्षमता कोणत्या कॅलिबरमध्ये जास्त, हा वाद पेटला.

कॅलिबर म्हणजे काय?

आपल्याकडे ज्याला बोअर म्हणतात तेच. ढोबळमानाने नळीचा आतला व्यास. .४५ म्हणजे ०.४५ इंच, सुमारे ११.४ मिमी. ९ मिमीपेक्षा जेमतेम अडीच मिमी जास्त.

गोळीने माणूस मागे फेकला जातो?

चित्रपटांत जातो. प्रत्यक्षात तसे झाले असते, तर झाडणाराही मागे फेकला गेला असता. न्यूटनचा तिसरा नियम. साधारण ८ ग्रॅमची ९ मिमी गोळी सेकंदाला ३५० मीटर वेगाने जाते. ताशी १३० किमी वेगाने टाकलेल्या क्रिकेटच्या चेंडूचा संवेग तिच्या दुप्पट असतो. चेंडू छातीवर बसला म्हणून फलंदाज उडून यष्ट्यांमागे पडत नाही.

मग माणूस थांबतो कशाने?

मेंदू किंवा मज्जारज्जूच्या वरच्या भागाला इजा झाली तरच तत्काळ. अन्यथा रक्तस्रावाने, आणि त्याला वेळ लागतो. एफबीआयच्या १९८९ च्या अहवालानुसार हृदय निकामी झाले तरी मेंदूत १० ते १५ सेकंद हालचाल करण्यापुरता प्राणवायू उरतो. काही जण किरकोळ जखमेनेही खाली बसतात, पण तो भीतीचा परिणाम. त्यावर भिस्त ठेवता येत नाही. म्हणून एफबीआयने व्यासापेक्षा खोलीला महत्त्व दिले. चाचणीच्या जिलेटिनमध्ये गोळी किमान १२ इंच शिरलीच पाहिजे, असा निकष ठरला.

एफबीआयने काय केले?

आधी १० मिमीची निवड केली. तिचा धक्का अनेकांना झेपेना. तेच काडतूस आखूड करून १९९० मध्ये .४० एस अँड डब्ल्यू आले. एफबीआयसह अनेक पोलीस दलांनी ते स्वीकारले. आणि २०१६ मध्ये कंत्राट निघाले ते पुन्हा ९ मिमी पिस्तुलांचे! कारण दरम्यान गोळ्यांची रचना सुधारली होती, ९ मिमीचा धक्का कमी, मॅगझिनमध्ये गोळ्या जास्त. शिवाय प्रत्यक्ष चकमकीत पोलिसांच्या ७० ते ८० टक्के गोळ्या चुकतात, असे एफबीआयच्याच टिपणात नमूद होते. न लागलेल्या गोळीचे कॅलिबर कोण विचारणार?

भारतात काय स्थिती?

इथे निवडीला फारसा वावच नाही. ९ मिमी ‘प्रतिबंधित बोअर’मध्ये मोडते, त्यामुळे सामान्य परवानाधारकाच्या हाती बहुधा .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल येते. ताकदीत ते ९ मिमीच्या बरेच खाली. तरीही परवान्यासाठी अर्ज करणाऱ्यांची चर्चा बोअरभोवतीच फिरते. शस्त्र नियम, २०१६ मध्ये सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाची अट आहे. तिच्याकडे मात्र अनेक जण कागदाची पूर्तता म्हणूनच पाहतात.