घास कुठे चुकतो, हे दाखवणारा एक्स-रे



पोषण आहाराच्या पंगतीत एखादं मूल पाणी पिताना दर वेळी ठसकतं. आपण डोक्यावर थोपटतो आणि म्हणतो, "वर बघ!" पण सेरेब्रल पाल्सीसारख्या मुलांची मान मागे गेली, की श्वासनलिकेची वाट आणखी उघडी पडू शकते.

अन्ननलिका आणि श्वासनलिका शेजारी शेजारी असतात. गिळताना क्षणभर श्वासनलिकेचं तोंड बंद होतं. ते नीट झालं नाही, तर घास फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. काही मुलांना तर ठसकाही लागत नाही! मग कळणार कसं?

त्यासाठी व्हिडिओफ्लुरोस्कोपी करतात. मुलाला बसवून बेरियम मिसळलेलं पाणी, दाट पेय, बिस्कीट थोडं थोडं देतात. बेरियम एक्स-रेत ठळक दिसतं, त्यामुळे घासाचा प्रवास सिनेमासारखा बघता येतो. दाट केल्यावर घास नीट जातो का, हनुवटी खाली घेतल्यावर फरक पडतो का, हे तिथेच कळतं. त्यावरून तज्ज्ञ आहार आणि बसण्याची पद्धत ठरवतात. किरण कमी लागावेत म्हणून तपासणी थोडक्यात उरकतात.

ही सोय मोठ्या रुग्णालयांत असते. खर्डीकरांना लोकलने मुंबई गाठावी लागते. पण सुरुवात वर्गातूनच होते. कोण ठसकतं, कशाने, किती वेळा, हे वहीत टिपा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत आलं, की ती वही दाखवा. अंदाजाने घास बदलू नका.