ताशी 95 ला थरथरणारे स्टेअरिंग

कळंबोली सोडून गाडी मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गाला लागते. काटा 80 वर असेपर्यंत सगळे शांत असते. 90 ओलांडले की स्टेअरिंगमध्ये बारीक थरथर सुरू होते आणि 95-100 ला ती तळव्यांत स्पष्ट जाणवते. हीच गाडी समृद्धी महामार्गावर नेली, जिथे मोटारींना ताशी 120 किलोमीटरची मुभा आहे, तर 110 च्या पुढे थरथर पुन्हा ओसरते. चालक गॅरेजमध्ये तक्रार सांगतो. मेकॅनिक शहरातल्या रस्त्यावर 50 च्या वेगाने एक फेरी मारून येतो, त्याला काहीच सापडत नाही, आणि बिलावर ठरलेली ओळ येते: 'अलाइनमेंट-बॅलन्सिंग'. पुढच्या प्रवासात थरथर हजर. मग टाय रॉड एंड बदलतात, लोअर आर्म बदलतात, एखादे वेळी स्टेअरिंगची रॅकही बदलली जाते. हजारो रुपये जातात आणि मूळ दोष चाकात जिथल्या तिथे राहतो.

थरथर अमुक वेगालाच का येते, हा प्रश्न आधी विचारला तर यातला बराच खर्च टळतो. कारण तो वेग हाच दोषाचा सर्वांत मोठा पुरावा असतो.

आपल्याकडच्या अनेक मध्यम मोटारींना 185/65 आर 15 मापाचा टायर असतो. त्याचा व्यास साधारण 62 सेंटीमीटर, म्हणजे एका फेऱ्यात गाडी सुमारे 1.9 मीटर पुढे जाते. ताशी 100 किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ 28 मीटर. भागाकार केला की उत्तर येते: चाक सेकंदाला 14 ते 15 फेरे घेते. चाकाच्या एका बाजूला वजन जास्त असेल, तर दर फेऱ्याला एक, असे सेकंदाला 14-15 धक्के गाडीला बसतात. ही झाली 14-15 हर्ट्झची वारंवारिता. तळहाताची त्वचा अशी मंद थरथर चांगली टिपते, म्हणून ती चालकाला सगळ्यांत आधी कळते.

आता धक्क्याची ताकद पाहू. शेतात पाखरे हाकलताना गोफण फिरवणाऱ्याला ठाऊक असते की दगड तेवढाच असला तरी गरगर वाढली की हाताला बसणारी ओढ झपाट्याने वाढते. रिमच्या कडेला 20 ग्रॅम जादा वजन आहे असे धरा, म्हणजे खिशातली दोन-चार नाणी. ताशी 50 ला ते चाकाला बाहेरच्या दिशेने जेमतेम 800 ग्रॅम वजनाइतक्या बळाने ओढते. 100 ला हीच ओढ सव्वातीन किलोच्या आसपास पोहोचते. वेग दुप्पट झाला की केंद्रोत्सारी बल चौपट होते. शहरातल्या चाचणीत दोष का सापडत नाही, याचे निम्मे उत्तर इथे मिळते.

उरलेले निम्मे उत्तर म्हणजे अनुनाद. चाक, हब, ब्रेक आणि सस्पेन्शनचे हात यांचे एकत्रित वजन एका बाजूला टायरच्या हवेवर आणि दुसऱ्या बाजूला स्प्रिंग व रबरी बुशांवर तोललेले असते. अशा प्रत्येक रचनेची हलण्याची स्वतःची एक लय असते. मोटारीची बॉडी सेकंदाला एक-दोनदा डुलते, पण चाक आणि त्याच्या आसपासचे भाग यांची लय साधारण 10 ते 18 हर्ट्झच्या टप्प्यात पडते. सव्वातीन किलोची ओढ तीस-चाळीस किलोच्या जुळणीला एरवी फारशी हलवू शकणार नाही. पण ती नेमकी तिच्या लयीत बसू लागली, की प्रत्येक धक्क्याची ऊर्जा आधीच्या धक्क्यात मिसळत जाते आणि हेलकावा वाढतो. वेग आणखी वाढवला तर बल वाढते खरे, पण लय चुकते. चाकाचे वजन इतक्या झटपट धक्क्यांना प्रतिसाद देऊ शकत नाही आणि स्टेअरिंग शांत होते. म्हणून '110 च्या पुढे बरी वाटते' याचा अर्थ गाडी बरी झाली असा काढू नये. बेअरिंग आणि बुश त्या वेळी आधीपेक्षा जास्त मार खात असतात.

याच गणितातून मला फार आवडणारी एक गोष्ट निघते. अनेक चालक सांगतात की थरथर येते-जाते. एका वळणानंतर वाढते, दुसऱ्यानंतर नाहीशी होते. ऐकणाऱ्याला हा भास वाटतो, पण तो भास नाही. समजा पुढच्या दोन्ही चाकांत थोडे थोडे असंतुलन आहे. दोन्हींचे जड भाग एकाच वेळी पुढे येत असतील, तर पुढचा भाग सरळ रेषेत हादरतो आणि स्टेअरिंगला फारसे वळवत नाही. डाव्या चाकाचा जड भाग पुढे आणि उजव्याचा मागे अशी स्थिती असेल, तर एक चाक पुढे ओढते, दुसरे मागे, आणि रॅक डावी-उजवीकडे हलू लागते. तीच थरथर हाताला लागते. वळणावर बाहेरचे चाक आतल्यापेक्षा जास्त अंतर कापते. दोन चाकांत दीड मीटर अंतर असेल, तर साधारण 37 अंशांच्या वळणात बाहेरचे चाक अर्धा फेरा जास्त घेते, म्हणजे जुळलेली चाके नेमकी उलटी होतात. बोरघाटातून वर येईपर्यंत ही जुळणी कितीतरी वेळा बदललेली असते. सरळ रस्त्यावरही दोन टायरांच्या हवेत किंवा झिजेत किंचित फरक असला, तर थरथर लाटांसारखी वाढते आणि उतरते. त्यामुळे गिऱ्हाईक 'कधी कधी होते' म्हणाले, तर मेकॅनिकने ते खोडून न काढता टिपून घ्यायला हवे.

मोटारींना हा आजार जुना आहे. 1920 च्या दशकात कमी हवेचे, रुंद 'बलून' टायर आणि पुढच्या चाकांना ब्रेक आले, आणि पुढची चाके वेगात फडफडू लागली. त्या फडफडीला 'शिमी' म्हणत. फ्रेंच अभियंता ब्रूलिए याने 1925 मध्ये तिचा अभ्यास प्रसिद्ध केला. शिमी ही असंतुलनाच्या थरथरीपेक्षा वेगळी असते. ती एकदा सुरू झाली की गाडीच्या पुढे जाण्यातूनच ऊर्जा घेत राहते. दोन चाकांना जोडणारा अखंड अ‍ॅक्सल तिला पोषक ठरत असे. 1934 च्या सुमारास अमेरिकी मोटारींत स्वतंत्र सस्पेन्शन आले, त्यामागे आरामाबरोबर हेही एक कारण होते. पुढे अखंड अ‍ॅक्सल असलेल्या जुन्या जीप ज्यांनी चालवल्या, त्यांना खड्ड्यातून गेल्यावर अचानक सुरू होणारे ते 'वॉबलिंग' ठाऊक आहे. आजच्या मोटारीत ते क्वचित दिसते.

आता बिलावरच्या त्या जोडशब्दाकडे येऊ. अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग ही दोन संपूर्ण वेगळी कामे आहेत, आणि ती एका दमात म्हटली गेल्यामुळे फार गोंधळ झाला आहे. अलाइनमेंट म्हणजे चाके रस्त्याशी आणि एकमेकांशी कोणत्या कोनात उभी आहेत ते. ती बिघडली की गाडी एका बाजूला ओढते, सरळ जाताना स्टेअरिंग तिरके राहते, टायरची एक कड लवकर झिजते. ठराविक वेगाची थरथर ती सहसा निर्माण करत नाही. तिच्यामुळे टायर वेडावाकडा झिजला, तर त्या झिजेतून पुढे थरथर येते. बॅलन्सिंग म्हणजे चाकाभोवतीच्या वजनाचा तोल. यंत्र चाक फिरवते, आपल्या दांड्यावर पडणारे बल मोजते आणि रिमच्या आतल्या व बाहेरच्या कडेला कुठे किती वजन लावायचे ते सांगते. दोन्ही कडांचे माप लागते, कारण एका कडेला जादा वजन आणि समोरच्या बाजूला दुसऱ्या कडेला तेवढेच वजन असेल, तर उभे चाक तोललेले दिसते आणि फिरताना मात्र लचकते.

बॅलन्सिंग झाले, यंत्राने शून्य दाखवले, तरी थरथर गेली नाही तर काय? माझ्या मते याच टप्प्यावर सर्वाधिक पैसे वाया जातात. चाक तोललेले असूनही गोल नसू शकते. खड्ड्यात रिमची कड वाकली किंवा टायरच्या आतले पट्टे सरकले, तर चाक किंचित अंडाकृती होते. अंडाकृती वस्तूचाही तोल वजने लावून अचूक साधता येतो, त्यामुळे यंत्र समाधानी होते. रस्त्यावर मात्र गणित वेगळे होते. मोटारीच्या टायरचा ताठपणा दर मिलिमीटरला साधारण 200 न्यूटन, म्हणजे 20 किलो धरा. चाक एक मिलिमीटरने उंच-सखल असेल, तर दर फेऱ्याला 20 किलोचा चढउतार! त्यापुढे 20 ग्रॅमची सव्वातीन किलोची ओढ किरकोळ आहे.

दुसरी शक्यता हबच्या केंद्राची. हौसेने बसवलेल्या बाहेरच्या अलॉय व्हीलचे मधले भोक पुष्कळदा गाडीच्या हबपेक्षा मोठे असते. मधली रिंग न टाकता ते नुसत्या नटांवर कसले, तर चाक केंद्रापासून अर्धा मिलिमीटर सरकून बसू शकते. 15 किलोचे चाक अर्धा मिलिमीटर सरकले, तर रिमच्या कडेला 40 ग्रॅम वजन चिकटवल्याइतका तोल जातो. बॅलन्सिंग यंत्रावरही हीच चूक होते. तिची तपासणी सोपी आहे: शून्य आल्यावर चाक सैल करा, दांड्यावर अर्धा फेरा फिरवून पुन्हा कसा आणि परत मोजा. आता आकडा आला, तर चाक यंत्रावर नीट बसलेले नव्हते.

ब्रेक दाबल्यावरच स्टेअरिंग हलत असेल, तर चाकांचा नाद सोडावा. दोष बहुधा पुढच्या डिस्कमध्ये आहे. 'डिस्क वाकली' असे सर्रास म्हटले जाते, पण बहुतेक वेळा फरक जाडीचा असतो. डिस्क कुठे जास्त झिजलेली असते, कुठे पॅडचा थर चिकटलेला असतो. हा फरक माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षा कमी असला, तरी पायाला आणि हाताला कळतो. नट एकसारखे न कसल्यामुळे डिस्क तिरपी बसते आणि काही हजार किलोमीटरांनी हा दोष तयार होतो.

अ‍ॅक्सिलरेटर दाबला की थरथर, पाय उचलला की बंद, असे असेल तर ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट पाहावा. हात शांत आणि सीट थरथरते, तर मागची चाके. मागच्या चाकांना गती देणाऱ्या गाड्यांत लांब प्रोपेलर शाफ्ट चाकाच्या साधारण चौपट वेगाने फिरतो. त्याची थरथर बारीक, घुमणारी आणि पायाखाली जाणवणारी असते. काँक्रीटच्या रस्त्यावर दर साडेचार मीटरला सांधा असतो, त्याची टप-टप 100 च्या वेगाला सेकंदाला सहा वेळा येते. डांबरी रस्ता लागताच ती थांबली, तर गाडीत दोष नाही.

टाय रॉड एंड, बॉल जॉइंट, बुश यांचे काय? ते झिजले असतील तर बदललेच पाहिजेत, सुरक्षिततेसाठी. पण सहसा ते थरथर निर्माण करत नाहीत, ती हातापर्यंत पोहोचू देतात. नवे सुटे भाग घातल्यावर गाडी महिनाभर बरी वाटते आणि नंतर तक्रार परत येते, ती यामुळे.

एक पैसाही न लागणारा सर्वांत चांगला प्रयोग म्हणजे पुढची चाके त्याच बाजूला मागे आणि मागची पुढे लावून बघणे. थरथर हातातून सीटमध्ये गेली, तर दोष चाकातच आहे. ती स्टेअरिंगमध्येच राहिली, तर हब, डिस्क किंवा सस्पेन्शन पाहायचे. आणखी खोलात जायचे असेल, तर मोबाइलमधला त्वरणमापक कामी येतो. जर्मनीतील आखेनच्या तंत्रविद्यापीठाचे 'फायफॉक्स' हे मोफत अ‍ॅप कंपनांचा वर्णपट दाखवते. फोन शेजारच्या माणसाने डॅशबोर्डवर घट्ट धरावा, चालकाने नव्हे. 100 च्या वेगाला 14-15 हर्ट्झवर शिखर दिसले तर चाक, 55-60 ला दिसले तर प्रोपेलर शाफ्ट.

पावसाळ्यानंतर, विशेषतः कोकणातून आल्यावर, रिमच्या आतल्या बाजूला थापलेला लाल चिखल आधी धुऊन काढा. बऱ्याच गाड्या तेवढ्यानेच शांत होतात. महिनाभर उभी असलेली गाडीही टायर खालून चपटे झाल्याने सुरुवातीला थरथरते आणि वीसेक किलोमीटरांत सुधारते.

पण थरथर अचानक सुरू झाली, रोज वाढत गेली किंवा 30-40 च्या वेगालाही स्टेअरिंग डोलू लागले, तर प्रयोग करत बसू नका. हळूहळू वेग कमी करून, जोरात ब्रेक न लावता गाडी कडेला सुरक्षित जागी घ्या. नट सैल झाले आहेत का आणि टायरच्या बाजूला किंवा नक्षीवर फुगा आला आहे का, हे पाहा. फुगा म्हणजे आतले पट्टे सुटले आहेत. त्या टायरवर महामार्गाचा एक किलोमीटरही करू नये. चाक काढून बसवल्यावर नट समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्क पान्याने, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाला कसून घ्या आणि 50 ते 100 किलोमीटर झाल्यावर पुन्हा एकदा तपासा.