एका रस्त्यावर तीन गावं

छत्रपती संभाजीनगरच्या मध्यवर्ती बसस्थानकावरून कन्नडकडे जाणारी एसटी पकडा. दौलताबाद, खुलताबाद आणि सुमारे ३० किलोमीटरवरचं वेरूळ याच वाटेवर आहेत. गाडी दौलताबादला थांबते का, हे चढण्याआधीच वाहकाला विचारा. दौलताबादचा देवगिरी किल्ला उन्हं तापण्यापूर्वी चढावा. किल्ल्यातल्या अंधारीत, म्हणजे काळोख्या भुयारी वाटेत, मोबाइलचा टॉर्च लागतोच, शिवाय वटवाघळांचा उग्र दर्प! खुलताबादला औरंगजेबाची कबर उघड्यावर, अगदी साधी. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याचा घुमटाकार मकबरा मात्र पर्यटक उगाच टाळतात. वेळ कमी पडला, तर वेरूळच्या ३४ लेण्यांपैकी १० आणि १६ क्रमांकाची तरी पाहाच; सोळावं म्हणजे कैलास. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात.