पाठीवरचे ते वळ नव्हेत

चौदा वर्षांचा मुलगा आंघोळ करून बाहेर येतो आणि आईला त्याच्या कमरेच्या वर, मणक्यावर आडव्या, एकाखाली एक अशा जांभळट रेषा दिसतात. ती दचकून विचारते, "कुणी मारलं रे?" मुलाला काहीच ठाऊक नसतं. दुखत नाही, खुपत नाही.

माराचे वळ काही दिवसांत हिरवे-पिवळे होऊन विरतात. या रेषा महिनोन्‌महिने हलत नाहीत. हे स्ट्रेच मार्क्स आहेत. ते फक्त बाळंतिणीच्या पोटावर उमटतात अशी आपली समजूत असते, म्हणून मुलग्याच्या पाठीवर आपण ते ओळखतच नाही.

जूनमध्ये शिवलेली पँट दिवाळीला घोट्याच्या वर जाते, ते हे वय. ऐन भरात मुलगे वर्षाला नऊ-दहा सेंटिमीटर वाढतात. मुली त्याआधी साधारण दोन वर्षं, आठेक सेंटिमीटर. त्वचेच्या आतल्या थरात कोलॅजन आणि इलॅस्टिनच्या धाग्यांची वीण असते. ताण असह्य झाला की ती आतून उसवते. वरची कातडी शाबूत राहते. रेघ ताणाला काटकोनात पडते. पाठ उभी लांबली, म्हणून खुणा आडव्या. मुलींना त्या मांड्या, नितंब, छातीवर येतात, आणि एवढ्यावरूनच पंधरा वर्षांची मुलगी पोहायला जाणं सोडते, याचं मला फार वाईट वाटतं.

रेषा पुढे फिकट, पांढुरक्या होतात. पूर्ण जात नाहीत. तेल चोळल्याने कातडी मऊ होते, उसवलेली वीण सांधत नाही.

खरी काळजी वेगळी आहे. नुसत्या ताणाने हे होत नाही. आनुवंशिकता आणि कॉर्टिसोलसारखी संप्रेरकंही कारण असतात. कॉर्टिसोल धागे विणणाऱ्या पेशींना थोपवतं. जांघेतल्या नायट्यावर औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेल्या ट्यूबमध्ये बऱ्याचदा क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन असतं. ही स्टिरॉइडं तेच काम कितीतरी जोराने करतात. खाज दोन दिवसांत थांबते, म्हणून पोरं लाजेपोटी गुपचूप लावत राहतात, आणि जांघेत रुंद, कायमच्या रेषा पडतात. मुलाच्या कपाटातली ट्यूब एकदा वाचून बघा.

आणि रेषा बोटभर रुंद, गडद जांभळ्या असतील, चेहरा गोल होत असेल, वजन चढतंय पण उंची थांबली असेल, तर शरीरच जास्त कॉर्टिसोल बनवत असू शकतं. तेव्हा डॉक्टरांकडे त्याच आठवड्यात जायचं.