वटवाघळांच्या श्रवणातीत ध्वनींची नोंद आणि जातिनिश्चय

मनुष्याच्या कानास सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचेच ध्वनी ऐकू येतात. बहुतेक कीटकभक्षी वटवाघळे याहून पुष्कळ उंच स्वरात चीत्कार करतात व प्रतिध्वनीवरून मार्ग आणि भक्ष्य शोधतात. हार्वर्ड विद्यापीठात १९३८ साली पियर्स यांच्या ध्वनिशोधक यंत्रापुढे ग्रिफिन यांनी वटवाघळे धरली, तेव्हा हे चीत्कार मनुष्यास ऐकता आले.

साध्या शोधक यंत्रात श्रोता एक कंपनसंख्या ठरवितो; ती व मूळ ध्वनीची कंपनसंख्या यांतील अंतर त्यास ऐकू येते. क्षेत्रकार्यास ही रीत सोयीची आहे, परंतु तीत मूळ ध्वनीचे रूप उरत नाही. जातिनिश्चयासाठी पूर्ण नोंदच हवी. १२० किलोहर्ट्झपर्यंतचा ध्वनी टिपावयाचा तर सेकंदास २,४०,००० हून अधिक नमुने घ्यावे लागतात. ही नोंद दसपट मंद केली की ५० किलोहर्ट्झचा चीत्कार ५ किलोहर्ट्झवर उतरतो, आणि ध्वनिलेखावर त्याचे वळण मोजता येते.

अशा मोजणीचे फळ ब्रिटनमध्ये पाहावयास मिळाले. तेथील सर्वपरिचित पिपिस्ट्रेल वटवाघूळ ही एकच जात मानली जात असे. काही वसाहतींतील चीत्कारांचा जोर ४५ किलोहर्ट्झच्या, तर काहींतील ५५ किलोहर्ट्झच्या आसपास असतो, असे गॅरेथ जोन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली दाखविले. या दोन स्वतंत्र जाती होत, यास १९९७ साली आनुवंशिक द्रव्याच्या तपासणीने पुष्टी मिळाली.

तथापि प्रत्येक जातीचा उच्चार ठरीव असतो, असे समजणे घाईचे होईल. हा चीत्कार म्हणजे दुसऱ्यास उद्देशून उच्चारलेला शब्द नव्हे. परिसर चाचपण्याचे ते साधन होय. मोकळ्या जागी तो लांब व सपाट असतो, झाडीत आखूड व तीव्र उताराचा होतो. भक्ष्य जवळ येताच चीत्कारांची नुसती घरघर ऐकू येते. मायोटिस प्रजातीतील अनेक जातींचे चीत्कार तर परस्परांत इतके मिसळतात, की केवळ ध्वनीवरून नाव देणे धाडसाचे ठरते. संगणक मात्र नाव देऊन मोकळा होतो. त्याच्या संग्रहात नसलेल्या जातीसही तो संग्रहातीलच एखादे नाव चिकटवू शकतो!

ब्रिटनमध्ये वटवाघळांच्या निवाऱ्यांस कायद्याचे संरक्षण आहे आणि बांधकामाच्या परवानग्या अशा नोंदींवर अवलंबून असतात. म्हणून ५० किलोहर्ट्झजवळच्या एकाकी पिपिस्ट्रेल चीत्कारापुढे ‘अनिश्चित’ असेच लिहावे. स्थळ, वेळ व परिसर यांच्या टिपणासह मूळ नोंद जपून ठेवावी, म्हणजे पुढील अभ्यासकास ती पुन्हा तपासता येईल.