मौन म्हणजे संमती नव्हे

१९७२ साली चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला उभा राहिला. तिच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत, याला महत्त्व देत १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही निर्दोष सोडले. त्यावर १६ सप्टेंबर १९७९ रोजी उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. भयापोटी पत्करलेली शरणागती ही संमती नव्हे, हे त्यांचे प्रतिपादन. देशभर आंदोलने झाली आणि १९८३ मध्ये कायदा बदलला.

हा भेद व्यापारी कुटुंबांना अपरिचित नाही. १८७२ च्या करार कायद्यानेही दडपणाखालील संमती मुक्त मानलेली नाही. मग सावेडीतील आपल्या घरांत लेकीपुढे हक्कसोडपत्र ठेवताना तो का विसरावा? वडिलोपार्जित मालमत्तेत २००५ च्या दुरुस्तीने तिला मुलाइतकाच जन्मसिद्ध वाटा दिला आहे. तो तिने स्वेच्छेने सोडला, तर तो त्याग. माहेर तुटेल या धास्तीने सोडला, तर ती आपल्या हातून घडलेली हिंसा. सही घेण्यापूर्वी तिला मोकळेपणाने विचारावे, आणि तिचा नकारही तितक्याच मायेने ऐकावा.